नाक्यावरची भुरळ

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत ‘फ्रेंड्स’ नावाचं एक किरकोळ स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, आहे. कॅन्ट्रिप, म्हणजे फुकटातलं. दिवसातून कितीही वेळा करा, काही खर्ची पडत नाही. करताना चेहऱ्याला थोडा रंग लावायचा असतो. समोरचा आधीपासूनच तुमच्या वाइटावर नसेल, तर पुढचं एक मिनिट त्याला पटवताना किंवा गंडवताना तुम्ही वीस बाजूंचा फासा दोनदा टाकता आणि मोठा आकडा धरता. मिनिट संपलं की त्या माणसाला कळतं, आपल्या मनाशी जादूनं खेळ केला गेला, आणि तो तुमच्यावर उलटतो. नियम इथे संपतो. उलटतो म्हणजे नेमकं काय करतो, ते डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरनं, बघायचं.

आमच्या टेबलावर डीएम मी असतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी चार-पाच जण जमतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि ती पात्रं सोडून उरलेलं सगळं जग, म्हणजे राक्षस, राजे, खानावळवाले, कुत्री, पाऊस, हे एकटा डीएम चालवतो. खेळाडूंना आपापल्या पात्राची काळजी, मला खानावळवाल्याची. त्यामुळे असेल, पण स्पेल या प्रकाराकडे मी हळूहळू भलत्याच बाजूनं बघायला लागलो. फायरबॉलनं, म्हणजे आगीच्या गोळ्यानं, किती डॅमेज झालं ते खेळाडू मोजतात. सहा बाजूंचे आठ फासे एकदम टाकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मला मात्र प्रश्न पडतो की त्या वीस फुटांच्या त्रिज्येत ज्याची गवताची गंजी जळाली, तो उद्या कोणाच्या दारात जाऊन बसणार.

फायरबॉलचं एक बरं असतं, तो दिसतो. जळालेली गंजी चार लोकांना दाखवता येते, नुकसानभरपाई मागता येते. मनावर चालणाऱ्या स्पेलचं तसं नसतं.

‘चार्म पर्सन’ या जुन्या स्पेलचंच बघा. १९७४च्या पहिल्या पुस्तिकांमध्ये हे लागू पडलं की समोरचा पूर्णपणे जादूगाराच्या कह्यात जायचा, आणि कोणी ती जादू मोडून काढेपर्यंत कह्यातच राहायचा. मुदत नाही. त्याची बायको काय म्हणते, त्याच्या शेताचं काय होतं, याबद्दल एक अक्षर नाही. आवृत्तीगणिक मजकूर बदलत गेला. २०१४ला मुदत एका तासावर आलेली आहे, ‘कह्यात जातो’च्या जागी ‘ओळखीतला मित्र समजतो’ एवढंच उरलंय, आणि शेवटी एक वाक्य आहे की स्पेल संपल्यावर त्याला कळतं, तुम्ही त्याला भारलं होतं. जुने खेळाडू यावर कुरकुर करतात, की जादूगाराचे दात काढून घेतले. मला वाटतं, भारलेल्या माणसाला स्मरणशक्ती मिळाली, आणि ती फार उशिरा मिळाली. तीही सगळीकडे नाही. समोरच्याला आपण सुचवू ते करायला लावणारं ‘सजेशन’ आठ तासांपर्यंत चालू शकतं, पण ते उतरल्यावर त्या माणसाला काय उमगतं यावर त्याच २०१४च्या पुस्तकानं तोंड उघडलेलं नाही. आमचा बार्ड, म्हणजे गाण्याबजावण्यातून जादू करणारं पात्र, ‘सजेशन’वर एवढा का जीव टाकतो, ते यातूनच कळावं.

“मी हळूच करतो” हे दर रविवारी एकदा तरी ऐकू येणारं वाक्य. कोणाला कळणार नाही असं कास्ट करतो, असा त्याचा अर्थ. पण बहुतेक स्पेलना मंत्र म्हणावा लागतो, तोही नेमक्या सुरात, नाहीतर हातानं खुणा कराव्या लागतात, नाहीतर काहीतरी वस्तू बाहेर काढावी लागते. यातलं काहीही लागत असेल तर स्पेल आजूबाजूच्यांच्या लक्षात येतं, असं २०१७च्या एका पूरक पुस्तकात स्पष्टच लिहिलंय. चोरून करायचं तर सॉर्सरर, म्हणजे जन्मजात जादू अंगात असलेलं पात्र, व्हावं लागतं आणि ‘सटल स्पेल’ ही खास युक्ती घ्यावी लागते. बाकीच्यांना ‘हळूच’ नाही.

आता दुकानदाराच्या बाजूनं बघा. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या सराफी पेढीवर अनोळखी गिऱ्हाईक आलं, काउंटरशी उभं राहून पुटपुटायला लागलं, बोटं नाचवायला लागलं, आणि समोरचा सेल्समन एकदम विरघळून निम्म्या किमतीत हार बांधून द्यायला लागला, तर बाकीची पेढी काय करेल? शटर खाली येईल. आणि एकदा असं घडल्यावर पुढच्या वेळी दारात उभा असलेला माणूस नुसता रामरक्षा म्हणत असला, तरी शटर खालीच येईल. मला या दुसऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते.

या बाबतीत काही खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या फार पुढे आहेत. ‘आर्स मॅजिका’ १९८७ साली आला. त्यातला काळ तेराव्या शतकातल्या युरोपचा, फक्त त्या युरोपात जादू खरी आहे. तिथे जादूची देणगी घेऊन जन्मलेल्या माणसाचा सगळ्यांना आपोआप संशय येतो. त्यानं काही केलेलं नसतं. तो बाजारात आला की लोकांना अस्वस्थ वाटतं, जनावरंही बुजतात, आणि नियमानुसार लोकांशी बोलण्या-वागण्याच्या प्रत्येक फाशात तीन वजा होतात. त्यामुळे त्या खेळात एक गंमत होते. जादूगार जग हलवू शकतो, पण धड बाजारहाट करू शकत नाही. त्याच्या वतीनं बोलायला, सौदा करायला, जमीनदाराला चुचकारायला साधी माणसं लागतात, आणि म्हणून प्रत्येक खेळाडूकडे जादूगाराबरोबर आणखी एक बिनजादूचं पात्रही असतं. शिवाय जादूगारांच्या संघाचा कायदा आहे की सामान्यांच्या कारभारात ढवळाढवळ करून संघावर संकट आणायचं नाही, राजाच्या पदरी नोकरी धरायची नाही. सगळा खेळच मुळी ‘लोक काय म्हणतील’वर उभा आहे. आपल्याकडच्या कोणत्याही वाड्यात हा खेळ दहा मिनिटांत समजेल.

दुसरा ‘डार्क सन’, १९९१चा. हे डन्जन्स अँड ड्रॅगन्सचंच एक जग. तिथे मंत्राला लागणारी शक्ती आजूबाजूच्या झाडापेऱ्यातून ओढली जाते. बेफिकीर जादूगारानं स्पेल केलं की त्याच्याभोवतीचं गवत जळून राख होतं आणि त्या मातीत पुन्हा काही उगवत नाही. असं पिढ्यान्‌पिढ्या होऊन सगळं जग वाळवंट झालंय. सांभाळून जादू करणारेही आहेत, ते झाडं मारत नाहीत. पण वाळवंटात राहणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगायला कोणी जात नाही आणि त्याला तो ऐकायचाही नाही. जादूगार सापडला की त्याला ठेचायचं, एवढंच त्याला ठाऊक. सांभाळून जादू करणारे मग लपूनछपून, गुप्त मंडळं काढून राहतात. आणि ज्यांनी सगळ्यात जास्त राख केली ते जादूगार-राजे? ते राजवाड्यात आहेत. त्यांना कोण ठेचणार?

‘एबेरॉन’ या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच आणखी एका जगात याच्या उलट, तिथे जादू म्हणजे महावितरण आणि एसटी. रस्त्यावर जादूचे दिवे, रुळांवरून विजेची गाडी, आणि सगळा धंदा मोजक्या घराण्यांच्या हातात. तोही विषय मोठा आहे, पण पुन्हा कधीतरी.

तर आमचा नाका.

गेल्या वर्षी आमच्या कथेत एक नदी आली, नदीवर पूल आला, पुलावर टोल आला. माणशी दोन चांदीची नाणी. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, चौघं, म्हणजे आठ नाणी. या चौघांच्या थैल्यांत तेव्हा शेकड्यांनी सोनं होतं, नुकताच एक ड्रॅगन मारून झालेला. तरी बार्डनं गालाला रंग फासला, ‘फ्रेंड्स’ केलं, फासा चांगला पडला, आणि नाकेदार हसत हसत बाजूला झाला. पुण्यात टोल चुकवण्यासाठी आतल्या गावातून गाडी घालणारी कोट्यधीश माणसं मी पाहिलेली आहेत, त्यामुळे मला यात अस्वाभाविक काही वाटलं नाही. चौघं पलीकडे पोचून झाडीत शिरली आणि मिनिट संपलं. टेबलावर हशा झाला, चहा आला.

अशा वेळी डीएम लोक सहसा शिपायांची तुकडी पाठवतात. मला तो प्रकार आवडत नाही. एक तर खेळाडूला वाटतं की ही शिक्षा आहे, डीएमनं आपल्याला धडा शिकवला. दुसरं म्हणजे शिपाई आले की मारामारी होते आणि मारामारीत ही मंडळी जिंकतात. आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे जादू आहे त्याच्यावर परिणाम क्वचितच येऊन पडतो. तो निघून गेलेला असतो. परिणाम मागे राहिलेल्यांना भोगावा लागतो.

म्हणून मी त्या आठवड्यात नाकेदाराचा दिवस लिहून काढला. संध्याकाळी हिशोब. पूल एका जमीनदाराच्या मालकीचा, त्याचा कारकून रोज माणसं मोजतो आणि नाणी मोजतो. आठ नाणी कमी. नाकेदार म्हणतो, मला भुरळ घातली होती. कारकून म्हणतो, हो का? कारण ज्या जगात भुरळ खरोखर घालता येते, तिथे गल्ल्यावर हात मारणारा प्रत्येक जण हेच सांगणार. कोठाराचा पहारेकरी झोपला, भुरळ. सावकाराचा मुनीम पैसे घेऊन पळाला, भुरळ. खरी भुरळ पडलेल्याला मग पुरावा कुठून आणायचा? नाकेदाराची नोकरी गेली. त्याच्या बायकोनं मात्र नवऱ्यावर विश्वास ठेवला, आणि खरं तर तिथूनच गाडी घसरली. भुरळ घातली हे खरं, तर घातली कोणी, हा प्रश्न उरतोच. ते चौघे परके आले आणि गेले, त्यांचे चेहरेही कोणाला धड आठवत नाहीत. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी एक म्हातारी राहते, झाडपाल्याची औषधं देते, आदल्याच दिवशी टोलवरून नाकेदाराशी तिची बाचाबाची झालेली.

हे मला कुठल्या नियमपुस्तकात शोधावं लागलं नाही. महाराष्ट्रात राहून ते शोधावं लागत नाही. आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचून बघा. नरबळी, अघोरी उपचार या ठळक गोष्टींबरोबर त्यात हेही आहे की अमुक माणूस करणी करतो, काळी जादू करतो, मंत्रतंत्रानं जनावरांचं दूध आटवतो, असं लोकांना भासवून त्याच्याबद्दल संशय निर्माण करणं आणि त्याचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. दूध आटवणं! कोणाच्या तरी गोठ्यातली म्हैस आटली आणि त्यापायी कोणाला तरी गाव सोडावं लागलं, असं घडत आल्याशिवाय हे शब्द कायद्यात येत नाहीत. हा कायदा वर्षानुवर्षं रखडला होता. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

आणि हा प्रकार फक्त आपल्याकडचा समजू नये, कारण तो खुद्द या खेळाच्याच वाट्याला आलेला आहे. १९८२ साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये एका शाळकरी मुलानं आत्महत्या केली. त्याची आई, पॅट्रिशिया पुलिंग, हिची खात्री झाली की शाळेतल्या खेळात आपल्या मुलाच्या पात्रावर कोणीतरी शाप टाकला होता आणि त्यातूनच हे घडलं. तिनं मुख्याध्यापकांवर दावा लावला, तो फेटाळला गेला. १९८३ला तिनं या खेळाविरुद्ध संघटना काढली, आणि पुढे वर्षानुवर्षं अमेरिकेत खेळणाऱ्या पोरांकडे सैतानाचे चेले म्हणून बघितलं गेलं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीनं डेमन आणि डेव्हिल हे शब्दच काढून टाकले आणि पुढे त्याच प्राण्यांना तोंडातल्या तोंडात म्हणावीत अशी अवघड नावं दिली. मी त्या आईला हसू शकत नाही. घरात असं काही घडल्यावर माणूस कोणाचं तरी नाव शोधतोच. फासे टाकून, कागदावर पेन्सिलीनं लिहिलेला शाप तिला सापडला. नाकेदाराच्या बायकोला ओढ्याकाठची म्हातारी सापडली.

पार्टी त्या गावात परत आली ती दुसऱ्याच कामासाठी. पुलावर नवा नाकेदार होता. म्हातारीची झोपडी जळालेली होती आणि ती जमीनदाराच्या गोठ्यात कोंडलेली होती, दुसऱ्या दिवशी पंच बसायचे होते. टेबलावर कोणीतरी विचारलं, “पण हिनं केलंय काय?” मी नाकेदाराची गोष्ट सांगितली, आठ नाण्यांसकट. बार्ड चालवणारा मित्र माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तू हे जपून ठेवलं होतंस?”

मग आमची क्लेरिक, म्हणजे देवाच्या नावानं जादू करणारी, सरसावली. तिच्याकडे ‘झोन ऑफ ट्रूथ’ आहे. पंधरा फूट त्रिज्येचं वर्तुळ, दहा मिनिटं, आत उभा असलेला माणूस जाणूनबुजून खोटं बोलू शकत नाही. आणि स्पेल कोणावर लागू पडलं, कोणावर नाही, हे कास्ट करणाऱ्याला कळतं. कोर्टकचेरीसाठी याहून चोख काय हवं? तिनं पंचांना पटवलं, चावडीसमोर वर्तुळ आखलं आणि एकेकाला आत बोलावलं. जुना नाकेदार आत आला. तुझ्यावर भुरळ कोणी घातली? म्हातारीनं. त्याची बायको. म्हातारीनं. कारकून, कुंभार, शेजारीण. सगळ्यांवर स्पेल लागू पडलेलं, सगळ्यांचं उत्तर तेच. क्लेरिक चालवणारी मैत्रीण चक्रावली. तिनं नियम पुन्हा वाचला, मोठ्यानं वाचला, आणि ‘जाणूनबुजून’ या शब्दापाशी थांबली. यातलं कोणीच जाणूनबुजून खोटं बोलत नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं. स्पेल अगदी बरोबर चाललं होतं, आणि त्यानं म्हातारीविरुद्ध पाच साक्षी उभ्या केल्या होत्या.

बार्ड स्वतः वर्तुळात जाऊन उभा राहिला. ही गोष्ट मी ठरवलेली नव्हती, त्याचं त्यानं केलं. सेव्ह, म्हणजे स्पेलपासून वाचण्याचा फासा, मुद्दाम सोडून दिला आणि म्हणाला, भुरळ मी घातली, टोल चुकवायला, म्हाताऱ्या बाईचा काही संबंध नाही. आता सुटली, असं सगळ्यांना वाटलं. मी पंचांच्या वतीनं विचार केला. एक परका माणूस, गळ्यात तंबोऱ्यासारखं काहीतरी, सोबत मंत्र म्हणणारी बाई, तिनंच आखलेलं वर्तुळ, आणि तिनंच सांगायचं की यात उभा राहिलेला खोटं बोलत नाही. पंचांनी एवढंच म्हटलं, “बुवा, तुम्हालाही हिनंच भारलंय.”

पुढचा अर्धा तास टेबलावर नुसतं भांडण. कोणी म्हणे हा डीएमचा डांबरटपणा आहे. कोणी म्हणे पंचांवर ‘सजेशन’ टाका आणि मोकळे व्हा. हे बार्डनं नाही, तिसऱ्यानंच सुचवलं, आणि सुचवल्यावर स्वतःच गप्प झाला. ड्रुइडला, म्हणजे झाडापानांची जादू करणाऱ्या पात्राला, आठवलं की ‘प्लँट ग्रोथ’ आठ तास घालवून केलं तर अर्ध्या मैलाच्या परिसरात वर्षभर पीक दुप्पट येतं. ते गावाला देऊ करू आणि बदल्यात बाईला सोडवू. पंचांना विचारलं. मी त्यांच्यात फूट पाडली, कारण दुप्पट पीक ही गंमत नाही, कर्जात बुडालेला कुणबी तिथे दोनदा विचार करणारच. पण मंतरलेल्या जमिनीतलं धान्य बाजारात कोण घेईल, असं कारकुनानं विचारल्यावर पुन्हा सगळे बिचकले. शेवटी रात्री कुलूप तोडून बाईला बाहेर काढलं. स्पेलशिवाय. फायटरनं खांदा लावला.

म्हातारीला त्यांनी विचारलं, तुला कुठं सोडू? शहरात आमच्या ओळखी आहेत. ती म्हणाली, माझी मी जाईन, तुम्ही वेशीपर्यंतसुद्धा येऊ नका, तुमच्याबरोबर कोणी बघितलं तर पुढच्या गावातही मला थारा मिळायचा नाही. हे बोलताना मी डीएम म्हणून काही हिकमत करत नव्हतो. तिच्या जागी बसल्यावर दुसरं काही सुचलंच नाही.

त्या रात्री ग्रुपवर स्पेलच्या याद्यांचे स्क्रीनशॉट येत राहिले. ‘डिसगाइज सेल्फ’ तिच्यावर चालेल का? नाही, ते स्वतःवरच चालतं, आणि तेही तासभर. गावाची आठवणच पुसायची तर? त्याला आमची लेव्हल पुरत नाही, शिवाय एका वेळी एकच माणूस. बार्डवाल्यानं उशिरा मेसेज टाकला की पुढच्या सेशनला सगळ्यात आधी तो जुन्या नाकेदाराच्या घरी जाणार आणि आठ नाणी देणार, वर सोन्याची थैली. मी विचारलं, नाकेदार दार उघडेल असं तुला का वाटतं? त्यावर तो म्हणाला, दार उघडायला लावणं काही अवघड नाही रे. आणि दोन मिनिटांनी तो मेसेज त्यानं डिलीट केला.